काड्यांवर भाजलेलं भरीत खायचं असेल तर आसोदा रोडला जा

दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईचे नातेवाईक मला फोन करून विचारतात की जळगावात भरीत कुठलं चांगलं, म्हणून यंदा एकदाच सगळं नीट लिहून काढते. आसोदा रोडला शहर मागे पडलं की शेताच्या कडेला एक पत्र्याचं शेड लागतं, बोर्डावर कुणाचं नावबिव नाही, नुसतं 'भरीत मिळेल' एवढंच रंगवलंय, आणि बोर्ड दिसायच्या आधी धूर दिसतो. तिथंच जायचं. बाकी हायवेवर मोठमोठे बोर्ड आहेत, एसी हॉल आहेत, तिथं जाऊन दुसरं काही खा, शेवभाजी खा, पण भरितासाठी तिथं थांबू नका असं मी स्पष्टच सांगते कारण तिकडं आता बऱ्याच ठिकाणी वांगी गॅसवर जाळी ठेवून भाजतात.

गॅसवर भाजलेलं ते भरीत नाहीच माझ्या मते. माझ्या मुलानं घरी एअर फ्रायर आणला, त्यातही करून बघितलं, सुनेनं प्रेमानं करून दिलं होतं, वांगं शिजलं छान, पण ते उकडल्यासारखं लागतं, त्याला वास नाही. आक्का (माझी थोरली बहीण) एक घास खाऊन म्हणाली, "हे भरीत हाये का वं? याले तं धुराचा वासच नाही." तर हा वास कुठून येतो तेच या शेडमध्ये डोळ्यांनी बघायला मिळतं. पऱ्हाट्या म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या आणि जोडीला तुराट्या म्हणजे तुरीच्या काड्या, यांचा ढीग करायचा, त्यावर वांगी मांडायची आणि पेटवून द्यायचं. या काड्या भडकन पेटतात आणि लवकर विझतात, जाळ मोठा पण थोडा वेळ. त्यामुळं वरची साल पार काळी होते आणि आतला गर स्वतःच्याच वाफेवर शिजतो, करपत नाही. लाकडावर ठेवलं तर जास्त जळतं, कोळशावर ठेवलं तर वेळ लागतो आणि गर सुकतो. काड्यांचं प्रमाण बरोबर जमलं पाहिजे. तिथला भाजणारा माणूस साधारण पन्नाशीचा असेल, एका हातात लांब काठी, तो वांग्याला एकदाच पलटी मारतो, सारखं ढवळत बसत नाही. भाजायच्या आधी प्रत्येक वांग्याला तेलाचा हात आणि विळ्याच्या टोकानं दोन-तीन टोचे, नाहीतर वांगं फटाक्यासारखं फुटतं.

त्याला विचारलं काड्या कुठून आणता, तर म्हणाला, "आजी, शेतकरी सोताहून सांगतात घेऊन जा." कारण बोंडअळी. कापूस वेचून झाला की काड्या शेतात ठेवायच्या नाहीत असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, गुलाबी बोंडअळी त्यात आणि राहिलेल्या बोंडांत दबून बसते आणि पुढच्या वर्षी पुन्हा पिकावर येते. आमच्या लहानपणी ही भानगड ऐकलीच नव्हती, काड्या म्हणजे वर्षभराचं सरपण, घरामागं गंजी लावून ठेवलेली असायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भाजलेली वांगी हे लोक पाण्यात बुडवत नाहीत!! बऱ्याच ठिकाणी साल पटकन निघावी म्हणून गरम वांगं पाण्यात टाकतात, साल निघते खरी पण चव पाण्यात जाते आणि भरीत पचपचीत होतं. इथं बायका बसतात ओळीनं, आणि वांगं गरम असतानाच बोटांनी साल ओढतात, देठ धरून उलटं करतात, गर अख्खा निघून येतो. मग लाकडाच्या खोलगट भांड्यात टाकून मुसळीनं ठेचतात, मिक्सरला हात लावत नाहीत. ठेचताना त्याचे धागे राहतात, ते दाताखाली आले पाहिजेत.

वांगीही तिथल्याच पट्ट्यातली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, भरिताचं वांगं जांभळं नसतं आमच्याकडं, फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेघा, आणि आकारानं एवढं मोठं की एक वांगं दोन माणसांना पुरतं. आसोदा, भादली आणि तिकडं यावल तालुक्यातलं बामणोद ही नावं भरिताच्या वांग्यासाठी घेतली जातात. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या केळीलाही त्याच वर्षी. आणि आसोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर, १८८० चा त्यांचा जन्म तिथला, रोडला जाताना माझी मान आपोआप तिकडं वळते. वांगं घेताना हातात तोलून बघायचं, आकारानं मोठं आणि वजनाला हलकं असेल तर घ्यायचं, जड लागलं की समजायचं आत बिया भरल्यात.

हे आम्ही चोरी करता करता शिकलो.

आमचं गाव तापीच्या अलीकडं-पलीकडं म्हणतात त्यातलं पलीकडचं, यावल तालुका. मी नववीत असेन, आक्का लग्न होऊन गेलेली पण दिवाळीनंतर माहेरी यायची, आणि मावशीची धाकटी, ती तर परकरातली पोर, आमच्या मागं मागं फिरायची. गावातल्या अजून दोन-तीन जणी. दुपारी शेतात कापूस वेचायला जायचं म्हणून घरून निघायचं, वेचायचाही, खोटं नाही सांगत, ओटीत कापूस भरायचा, पण चार वाजले की सगळ्यांची नजर काकाच्या वांग्याच्या वावराकडं. माझ्या सख्ख्या काकाचं वावर, पण काका एक नंबरचा कडक माणूस. मागितलं असतं तरी त्यानं दिलं असतं, आजही आक्का म्हणते तसं, पण मागून खाल्लेल्या वांग्याला ती चव कुठं.

एकीनं बांधावर उभं राहून गाणं म्हणायचं, गाणं थांबलं की समजायचं कुणीतरी येतंय. बाकीच्यांनी वाकून आत शिरायचं. भरिताच्या वांग्याच्या देठाला बारीक काटे असतात, ते बोटात घुसतात, म्हणून परकराच्या काठानं धरून पिळायचं आणि ओढायचं. मग नाल्याच्या खोलगट भागात, वरून दिसू नये असं, काड्या गोळा करून पेटवायच्या. धाकटीच्या परकराच्या गाठीत मीठ आणि दोन हिरव्या मिरच्या बांधलेल्या असायच्या, तेवढं तिचं काम, आणि ती ते कधी विसरली नाही. भाकरी नाही, तेल नाही, लसूण नाही, दगडावर दगडानं ठेचायचं आणि बोटांनी खायचं, तोंडं भाजायची, पाणी नाल्याचंच.

पकडलो कसे? हात धुतले, तोंड धुतलं, सगळं केलं. पण साल ओढताना काजळी नखांच्या आत जाते, ती पाण्यानं निघत नाही, आणि केसांना धुराचा वास. आईनं संध्याकाळी वेणी घालायला बसवलं आणि मान मागे ओढून डोकं हुंगलं, मग हात पालथा केला, नखं बघितली, एक शब्द बोलली नाही, सरळ काकाला बोलावलं. काका आला. मला वाटलं आता पाठीत बसणार. त्यानं काय सांगावं, "वांगी खाल्ली त्याचं काही नाही, पण झाडाच्या फांद्या मोडल्या तुम्ही. पुढच्या येळेस चोरायले आल्या तं इळा घेऊन या, देठाजवळून कापा." आणि दुसऱ्या दिवशी त्यानंच वांगी हातात देऊन दाखवलं, हे हलकं, हे जड, हे घ्यायचं, हे राहू द्यायचं. काका जाऊन खूप वर्षं झाली. त्याच्या इतकं वांग्यातलं कळणारा माणूस मी पुन्हा बघितला नाही, फक्त या शेडमधला तो भाजणारा थोडासा तसा वाटतो, गिऱ्हाईकानं बोट दाखवलेलं वांगं तो बाजूला ठेवतो आणि स्वतःच्या पसंतीचं घेतो, आणि त्याचंच बरोबर असतं.

आता आम्ही तिघी इथं येतो म्हणजे काय, तर आक्का फैजपूरहून येते, ती आता शहात्तरची, पंच्याहत्तरीच्या वरच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे त्यामुळं तिला कुणी अडवू शकत नाही, आधारकार्ड पिशवीत आणि निघाली. मी एकोणसत्तर, मला ज्येष्ठांचं अर्धं तिकीट. धाकटी अजून चौसष्ट, ती पूर्वी पूर्ण तिकीट काढायची आणि कुरकुर करायची, मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं झालं तेव्हापासून तिची कुरकुर थांबली. एरवी माझा दिवस म्हणजे पाचला उठणं, गुडघ्याला तेल, बीपीची गोळी, सून ऑफिसला जायच्या आत पोळ्या, नातवाचा डबा, मग दुपारी थोडं पडणं, संध्याकाळी गल्लीतल्या बायकांबरोबर देवळाच्या ओट्यावर. चांगलं चाललंय, तक्रार नाही. पण चंपाषष्ठी जवळ आली की आमचे फोन सुरू होतात. आमच्याकडं चातुर्मासात वांगं खात नाहीत, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच घरात वांगं शिजतं, आणि एवढे महिने न खाल्लेल्या वांग्याचा पहिला घास काय लागतो ते ज्यानं पाळलंय त्यालाच कळतं. तेव्हापासून साधारण संक्रांतीच्या पुढेमागेपर्यंत खरा मोसम, थंडी जितकी जास्त तितकं वांगं गोड. उन्हाळ्यात कुणी जळगावला भरीत खायला येऊ नका, मिळेल सगळं, पण ते वांगंही वेगळं आणि त्या उन्हात काड्यांच्या जाळाशेजारी बसवतही नाही.

खायला काय घ्यायचं ते सांगते. दोन प्रकार मिळतात, कच्चं आणि फोडणीचं. कच्चं म्हणजे ठेचलेल्या गरात ठेचलेली मिरची-लसूण, बारीक चिरलेली कांद्याची पात, कोथिंबीर, मीठ, बस. फोडणीच्यात तेलात शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, लसूण, मिरची आणि पात परतून वरून गर. पाहुणे लोक फोडणीचं घेतात, दिसायला चांगलं, आमच्या तिघींचं मत कच्च्याला. काड्यांवर एवढी मेहनत घेतल्यावर त्यावर तेलाचा थर कशाला? इथलं फोडणीचं तेलकट आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, हात आखडता घ्या म्हणून. मालक म्हणाले की गिऱ्हाइकाला तर्री दिसली नाही तर तो म्हणतो काटकसर केली. असेल, पण मी तरी कच्चंच सुचवेन, आणि जमलं तर दोन्ही मागवून वाटून खा म्हणजे तुमचं तुम्हाला कळेल.

भाकरी मात्र कळण्याचीच घ्या. ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळलेले असतात, पिठात मीठ, रंग जरा काळपट, खरपूस. इथं चुलीवर भाकऱ्या थापणाऱ्या ज्या मावशी आहेत त्यांचे हात बघत बसावं असं वाटतं. गोळा काठवटीत घेतात, तळहाताच्या टाचेनं एकदा दाबतात, मग बोटं पसरून फिरवायला लागतात आणि भाकरी हाताखाली आपोआप गोल फिरत वाढत जाते, कडेला एक भेग नाही. तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग तवा बाजूला सारून सरळ जाळासमोर उभी केली की टम्म फुगते. मी त्यांना म्हटलं मावशी, उडीद किती घालता, तर म्हणाल्या, "बाई, मापानं नाही घालत मी, पिठाचा वास घेऊन सांगते." पुऱ्या पण मिळतात, लेकरांसाठी ठीक आहे. सोबत ठेचा, कांदा, मुळा, दही. दह्याची वाटी घ्याच, ठेचा इथला फार जहाल आहे.

थाळी १५० रुपयांना, भाकरी लागेल तेवढी. मला महाग नाही वाटत.

उणं काय ते पण सांगते. बसायला खाली सतरंजी आणि बुटक्या चौक्या, आमच्या वयाच्या बायकांना खाली बसलं की उठताना दोघींनी ओढावं लागतं. मागितल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या आणून देतात, पण मागाव्या लागतात, दोन-चार कायम बाहेर ठेवायला हरकत नाही. बाथरूमची सोय म्हणण्यासारखी नाही, घरून निघताना विचार करून निघा. रविवारी फार गर्दी, टोकन घेऊन ताटकळत राहावं लागतं आणि गर्दीत भाजणाऱ्याचा हात घाई करतो, मग एखाद्या वांग्याचा मध्यभाग कच्चा राहतो, आम्हाला तसं एकदा मिळालं, सांगितल्यावर बदलून दिलं कुरकुर न करता. म्हणून मधल्या वारी जा, अकरा-साडेअकराला, तेव्हा पहिला जाळ लागतो.

आणि एक गोष्ट मला फार आवडली ती अशी की इथं म्हाताऱ्या माणसांना कुणी घाई करत नाही. मागच्या थंडीत गेलो होतो तेव्हा शेजारच्या चौकीवर कॉलेजच्या पोरी होत्या, पाच-सहा जणी, लेक्चर बुडवून आलेल्या हे त्यांच्या दप्तरांवरून कळत होतं, खिदळणं चाललेलं, सेल्फी चाललेले. एक गृहस्थ त्यांच्यावर खेकसले, जरा हळू म्हणून. आक्का त्यांना म्हणाली, "खिदळू द्या हो दादा, याच वयात खिदळतेत." झालं, पोरी आमच्याकडं सरकल्या, आजी तुम्ही काय करायच्या, सांगा ना. धाकटीनं आक्काकडं बोट केलं, हिला विचारा आखाजीचं.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्या खानदेशात पोरींचा सण. लग्न झालेल्या माहेरी येतात, निंबाला झोके, गौराईची गाणी, आणि त्या दिवसांत पोरींना कुणी काही बोलायचं नाही. एकीनं पुरुषाचा वेष घ्यायचा आणि वाजतगाजत गावातून फिरायचं, नाल्यापलीकडच्या पोरींबरोबर गाण्यांतून शिव्या द्यायच्या, वेळ आली तर ढेकळंही मारायची. गडीमाणसं पारावर पत्ते खेळायची. त्या वर्षी वेष आक्काचा होता, लग्नाच्या आधीचं साल, धोतर, बाबांचा जुना कोट, टोपी, काजळाच्या मिशा. ती नुसती फिरून थांबली नाही, अंधार पडल्यावर सरळ पारावर जाऊन पत्त्यांत बसली, आवाज न काढता मानेनंच हो-नाही. पान वाटणारे आमचे बाबा! त्यांनी तिला पानं दिली, दोन डाव झाले, एक ती जिंकली. तिसऱ्याला काकाची नजर खाली गेली आणि धोतराखाली पायातल्या तोरड्या दिसल्या, त्या काढायच्या राहून गेल्या होत्या. काका काही बोलला नाही, डाव पूर्ण होऊ दिला आणि मग बाबांना म्हणाला, "भाऊ, या पाहुण्याले घरी पोचवून ये, याची माय वाट पाहत असंल."

पोरी हसून हसून आडव्या झाल्या, भाकऱ्या थापणाऱ्या मावशींचा हात थांबला, आणि भाजणारा माणूस काठी टेकून ऐकत उभा राहिला. त्यानंतर त्यानं आमच्यासाठी एक वांगं मसाल्याशिवाय, नुसतं मीठ-मिरची लावून दगडानं ठेचून आणलं, आम्ही सांगितलं होतं तसं. त्याचे पैसे घेतले नाहीत. ते मेनूत नाही, पण तुम्ही मागितलंत तर देतील, 'नुसतं ठेचलेलं' म्हणा.

पार्सलचं सांगते आणि थांबते. किलोवर भरीत देतात, आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं, नंबर तिथल्याच पाटीवर आहे. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणे-मुंबईला बरेच जण पाठवतात, मी मुलीला पाठवते, सकाळी तिला मिळतं. पाठवायचं तर फोडणीचं पाठवा, प्रवासात तेच टिकतं, कच्च्यातली कांद्याची पात रात्रभरात आंबूस होते. त्यांना सांगायचं गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरलं की झाकणाला पाणी सुटतं. पोचल्यावर मायक्रोवेव्हमध्ये नका ठेवू, लोखंडी तव्यावर मंद आचेवर परता, वरून ताजी पात आणि कोथिंबीर टाका. स्वतः वांगी नेऊन दिलीत तरी भाजून-ठेचून देतात, मजुरी वेगळी, आणि वांगी तुम्ही निवडून नेणार असाल तर हलकी बघून न्या.